साडेसहा अंशांचा हिशोब : आम्ल आणि आम्लारी एकत्र आल्यावर तापमान कसं मोजायचं

कोल्हापुरात अकरावीला रसायनशास्त्र शिकवताना एक सोय असते. वर्गात दोन-चार मुलं तरी अशी निघतातच, ज्यांच्या घरचं नाहीतर भावकीतलं गुऱ्हाळ असतं. उसाचा ताजा रस किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू (पीएच) साडेपाचच्या आसपास असतो. तो तसाच आटवला तर साखरेची फोड होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात, आणि गूळ नीट बसत नाही. म्हणून गुळव्या रसात चुन्याची निवळी घालतो. पुस्तकात ज्याला उदासिनीकरण म्हटलंय ते या मुलांनी काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, घडताना पाहिलेलं असतं.

अशाच एका मुलीने मला विचारलं होतं, ‘मॅडम, आम्ल-आम्लारी मिसळल्यावर उष्णता निघती म्हणता, मग चुना पडला की रसबी तापतो व्हय?’

प्रश्न फार चांगला होता. ‘हो’ म्हणून तो संपत नाही, किती तापतो ते सांगावं लागतं. आणि काहिलीखाली जाळ असताना ते कळणार नाही. त्यासाठी जाळ नसलेलं भांडं, बरा तापमापी आणि धीर लागतो. हा प्रयोग पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी, मग ते अकरावी-बारावीचे विद्यार्थी असोत किंवा नव्याने प्रयोगशाळेत रुजू झालेले शिक्षक, मी ही सगळी रीत लिहून काढतेय. प्रयोग शाळेच्या किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेतच करा. सोडियम हायड्रॉक्साइड ही घरच्या ओट्यावर हाताळायची वस्तू नाही.

आधीच एक सांगून ठेवते. दोन द्रावणं मिसळायला एक सेकंद लागतो, आणि सगळ्यांचं लक्ष त्या सेकंदाकडे असतं. पण उत्तर असतं त्याच्या आधीच्या चार मिनिटांत आणि नंतरच्या सहा मिनिटांत, जेव्हा पाहण्यासारखं काहीच घडत नाही. ती मिनिटं जो नोंदवतो त्याचा आकडा बरोबर येतो.

किती वाढ अपेक्षित आहे

हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड मिसळले की मीठ आणि पाणी तयार होतं. उष्णता मात्र मिठामुळे येत नाही. सोडियम आणि क्लोराइड हे आयन (विद्युतभार असलेले कण) आधीही पाण्यात सुटे होते, नंतरही सुटेच राहतात. खरी क्रिया एकच : आम्लाचा हायड्रोजन आयन आणि आम्लारीचा हायड्रॉक्साइड आयन जुळून पाण्याचा रेणू होतो. म्हणून हायड्रोक्लोरिकच्या जागी नायट्रिक आम्ल घ्या किंवा सोडियमच्या जागी पोटॅशियम हायड्रॉक्साइड घ्या, एक मोल (म्हणजे साधारण १८ ग्रॅम) पाणी तयार होताना जवळपास तेवढीच उष्णता बाहेर पडते. १८४० च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गमध्ये जर्मेन हेस हा रसायनशास्त्रज्ञ अशाच मोजमापांत गुंतलेला होता. उष्णतेच्या बेरजेचा जो नियम आपण त्याच्या नावाने शिकतो, त्यामागे उदासिनीकरणाचे हे प्रयोगही होते. या सारखेपणाचं कारण मात्र आयनांचा सिद्धांत आल्यावर, म्हणजे स्वीडिश शास्त्रज्ञ आर्‍हेनिअसच्या १८८७ च्या मांडणीनंतर, नीट कळलं.

पाठ्यपुस्तकांत हा आकडा मोलामागे ५७.१ किंवा ५७.३ किलोज्यूल असा दिसतो. काही संदर्भग्रंथांत ५५.८ सापडतो. मुलं विचारतात, यातलं खरं कुठलं? सगळेच खरे आहेत. तापमान वाढेल तशी ही उष्णता थोडी कमी होते, एका अंशामागे साधारण ०.२ किलोज्यूल. ५७ च्या वरचे आकडे १८ ते २० अंशांच्या थंड खोलीतले आहेत, ५५.८ हा २५ अंशांचा आणि अतिविरल द्रावणाचा. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत बहुतेक दिवस तापमान २५ च्या वरच असतं. तेव्हा तुमचं उत्तर ५५-५६ आलं तर खोडरबर हातात घेऊ नका.

आता अंदाज काढू. १ मोलर (लीटरभर द्रावणात एक मोल) आम्ल ५० मिली आणि तितकीच आम्लारी घेतली, तर ०.०५ मोल पाणी तयार होईल. उष्णता झाली साधारण २८०० ज्यूल. ती १०० ग्रॅम पाण्यात गेली; एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापायला ४.१८ ज्यूल लागतात. २८०० ला ४१८ ने भागा : ६.७ अंश. थोडी उष्णता कप खाणार, म्हणजे तापमापीवर साडेसहाच्या आसपास वाढ दिसायला हवी. प्रयोगाला हात लावण्याआधी हा आकडा वहीत वर लिहून ठेवा. ११ आले किंवा ३ आले तर काहीतरी चुकलंय हे तिथेच कळेल.

तापमापी

एकूण वाढ साडेसहा अंशांची. शाळेच्या कपाटात असतो तो ० ते ११० अंशांचा, एकेका अंशाच्या रेघांचा तापमापी. त्यावर अर्ध्या अंशाची चूक सहज होते, आणि साडेसहातला अर्धा म्हणजे सात-आठ टक्के. म्हणून ० ते ५० अंशांचा, ०.१ किंवा ०.२ अंशाच्या रेघा असलेला तापमापी मिळवा. या प्रयोगात खर्च करायचाच असेल तर तो इथे करा, बाकी सगळं स्वस्तात भागतं. तापाचा तापमापी चालणार नाही. तो ३५ च्या खालचं दाखवत नाही. ज्यांना इलेक्ट्रॉनिक्सची आवड आहे त्यांनी डीएस१८बी२० हा जलरोधक सेन्सर अर्डुइनोला जोडून वापरायला हरकत नाही. त्याचा आकडा मुळात अर्ध्या अंशाने इकडेतिकडे असू शकतो, पण आपल्याला दोन तापमानांतला फरक हवा आहे, आणि ०.०६ अंशाइतका बदल तो टिपतो. एकाच सेन्सरने आधीचं आणि नंतरचं मोजलं की त्याची कायमची चूक वजाबाकीत उडून जाते.

तापमापी तपासायला बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एका ग्लासात ढवळा, पाच मिनिटं थांबा. शून्य दिसायला हवं. ० ते १०० अंशांचा तापमापी उकळत्या पाण्यावर तपासणार असाल तर १०० ची वाट पाहू नका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. दरवर्षी एखादा गट ‘तापमापी दोन अंश कमी दाखवतो’ असं लिहून देतो; तापमापी बिचारा बरोबर असतो. आणि ५० अंशांपर्यंतचा तापमापी उकळत्या पाण्यात कधीही घालू नका, फुटेल.

कप

जुन्या प्रयोगपुस्तिकांत थर्माकोलचा कप सांगितलेला असतो. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या वापरून फेकायच्या कपांवर बंदी आहे, त्यामुळे तो शोधत बसू नका. मी दोन कागदी कप एकात एक घालते, मध्ये वर्तमानपत्राची घडी गुंडाळते आणि तो जोड काचेच्या चंचुपात्रात बसवते. चंचुपात्रामुळे कप कलंडत नाही आणि भोवती हवेचा आणखी एक थर मिळतो. झाकणाला जाड पुठ्ठ्याची चकती, तिला दोन भोकं : एक तापमापीला, दुसरं ढवळणीला. ढवळणी काचेची किंवा प्लॅस्टिकची घ्या.

स्टीलचा पेला घेऊ नका. धातू स्वतः उष्णता ओढून घेतो, शिवाय हायड्रोक्लोरिक आम्ल स्टीलला खातं. ॲल्युमिनियमचं भांडं तर मुळीच नको. सोडियम हायड्रॉक्साइड ॲल्युमिनियमवर पडलं की हायड्रोजन सुटतो आणि त्या क्रियेचीही उष्णता निघते. मग तुम्ही कशाचं तापमान मोजताय तेच कळणार नाही.

द्रावणं आदल्या दिवशी करा

हे वाक्य मी वर्गात तीनदा म्हणते, कारण माझ्याकडूनच ही चूक झाली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी तास सुरू होण्याच्या पंधरा मिनिटं आधी मी सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या पाण्यात विरघळवल्या आणि बाटली टेबलावर ठेवली. मुलांनी आम्लाचं तापमान घेतलं, २६. ‘आम्लारीचंही तेवढंच असेल’ म्हणून ते घेतलंच नाही. मिसळल्यावर पारा ३७ वर गेला. अकरा अंश वाढ, उत्तर ९० किलोज्यूलच्या पुढे. सगळा वर्ग गोंधळला आणि मीही.

झालं होतं असं : सोडियम हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळतानाच मोलामागे सुमारे ४४ किलोज्यूल उष्णता सोडतं. १०० मिली पाण्यात ४ ग्रॅम टाकले तर तेवढ्यानेच पाणी दहा अंशांनी चढतं. ती बाटली अजून कोमट होती, आणि ती उष्णता आम्ही उदासिनीकरणाच्या खात्यात मांडली. तेव्हापासून द्रावणं आदल्या दिवशी करायची, रात्रभर एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवायची, आणि दोन्हींचं तापमान वेगवेगळं घ्यायचं, हा आमचा नियम आहे.

प्रमाण असं. आम्ल : १ मोलर. संहत हायड्रोक्लोरिक आम्ल ३६ टक्क्यांचं असेल तर १०० मिली द्रावणाला साधारण ८.६ मिली लागतं. हे काम शिक्षकाने किंवा प्रयोगशाळा सहायकाने करायचं, विद्यार्थ्याने नाही. आधी पाणी, मग त्यात थोडं थोडं आम्ल. उलट कधीच नाही. डोळ्यांवर चष्मा आणि खिडकी उघडी.

आम्लारी : १०० मिलीला ४ ग्रॅम घेतलं की १ मोलर होतं, पण मी ४.४ ग्रॅम घ्यायला सांगते. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढून घेतं, त्यामुळे वजन केलेलं सगळंच आम्लारी नसतं. आमच्याकडे जुलैच्या पावसात बाटलीचं झाकण दोन मिनिटं उघडं राहिलं तर गोळ्या ओल्या चमकायला लागतात. आम्लारी थोडी जास्त ठेवली की आम्ल पूर्ण संपतं, आणि मोलांचा हिशोब आम्लावरून बिनधास्त करता येतो. गोळ्या कागदावर तोलू नका, छोट्या चंचुपात्रात तोला आणि झाकण लगेच लावा.

पाणी शुद्ध घ्या. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाणी संपलं तर गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी चालतं. मागताना ‘बॅटरीचं पाणी’ असं स्पष्ट म्हणा. त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही असतं.

एक मोलरची आम्लारी दिसायला पाण्यासारखी असते, म्हणून मुलं तिला हलक्यात घेतात. डोळ्यात गेली तर ती आम्लापेक्षा जास्त नुकसान करते. चष्मा दोन्ही द्रावणांना. डोळ्यात उडालंच तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि थेट डॉक्टरांकडे. त्वचेवर आम्लारी पडली म्हणून वरून आम्ल लावण्याचा शहाणपणा कुणी करू नये, नुसतं भरपूर पाणी.

कप किती उष्णता खातो

बरेच जण ही पायरी गाळतात. गाळली तर उत्तर दोन-तीन किलोज्यूलने कमी येतं आणि मग खापर तापमापीवर फुटतं.

कपात खोलीच्या तापमानाचं ५० मिली पाणी घ्या, समजा २६.० अंश. दुसरीकडे ५० मिली पाणी ४६.० पर्यंत तापवा, ते कपात ओता, झाकण लावून ढवळा. कपाने काहीच खाल्लं नसतं तर बरोबर मध्ये, ३६.० वर यायला हवं होतं. येतं ३५.६. आता हिशोब करा. गरम पाण्याने दिले ५० × ४.१८ × १०.४ = २१७३.६ ज्यूल. गार पाण्याला मिळाले ५० × ४.१८ × ९.६ = २००६.४. मधले १६७.२ ज्यूल कप, झाकण, ढवळणी आणि तापमापी यांनी घेतले, आणि त्यांचंही तापमान ९.६ अंशांनीच चढलं. १६७.२ भागिले ९.६ म्हणजे एका अंशाला साधारण १७.४ ज्यूल. चार ग्रॅम पाणी जास्त असल्यासारखं. तुमचा आकडा वेगळा येईल, तोच वापरा. हे तीनदा करून सरासरी घ्या, आणि पुढच्या प्रयोगात तोच कप, तेच झाकण ठेवा.

आता प्रत्यक्ष

पंखा बंद करा. एप्रिलमध्ये मुलं कुरकुरतात, पण वाऱ्याने कप फार लवकर निवतो. एकाने घड्याळ पाहायचं, एकाने तापमापी वाचायचा, एकाने लिहायचं. तिघांचा गट सगळ्यात चांगला.

मोजपात्राने ५० मिली आम्लारी कपात घ्या. दुसऱ्या, कोरड्या मोजपात्राने ५० मिली आम्ल वेगळ्या चंचुपात्रात. आम्लाचं तापमान घ्या, तापमापी शुद्ध पाण्याने धुवा, टिपकागदाने पुसा, मगच आम्लारीत घाला. न धुता घातला तर त्याला चिकटलेला थेंबच आधी क्रिया करून बसतो. दोन्हींत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर थांबा, आणखी दहा मिनिटं जाऊ द्या. थोडा फरक राहिला तर सुरुवातीचं तापमान म्हणून दोघांची सरासरी धरा.

आता झाकण लावा आणि घड्याळ सुरू करा. ० मिनिटाला वाचन, १ ला, २ ला, ३ ला. आकडा तोच येत राहील. इथेच मुलं कंटाळतात, ‘तेच तेच काय लिहायचं मॅडम?’ म्हणतात. तेच तेच येणं हीच माहिती आहे : कप आणि द्रावण स्थिर झालंय, खोलीतून उष्णता आत येत नाही की बाहेर जात नाही. आकडा सरकत असेल तर तो थांबेपर्यंत वाट पाहा, नाहीतर निदान सरकण्याचा वेग तरी नोंदवा.

बरोबर ४ थ्या मिनिटाला वाचन घेऊ नका. त्या क्षणी झाकण उचलून आम्ल एका दमात कपात ओता. थेंब थेंब नाही, पण उडणारही नाही अशा बेताने. झाकण लावा, सावकाश गोल ढवळत राहा. तापमापीने ढवळू नका, फुगा फुटतो. दरवर्षी एक तरी फुटतो. ५ व्या मिनिटापासून १० व्या मिनिटापर्यंत पुन्हा दर मिनिटाला वाचन, आणि सगळा वेळ ढवळणं चालू. वाचताना डोळा पाऱ्याच्या टोकाच्या अगदी समोर हवा.

कसं दिसतं त्याचा नमुना देते. ० ते ३ मिनिटं : २६.४ चारही वेळा. ४ ला ओतलं. ५ ला ३२.७, ६ ला ३२.५, ७ ला ३२.४, ८ ला ३२.२, ९ ला ३२.१, १० ला ३२.०.

आलेखावर मागे जायचं

सगळ्यात मोठा दिसलेला आकडा ३२.७. पण तो ओतल्यावर एका मिनिटाने घेतलाय, आणि तेवढ्या वेळात थोडी उष्णता निसटून गेलीय. मिसळलं त्याच क्षणी सगळी क्रिया झाली असती आणि कप जराही निवला नसता, तर तापमान किती असतं? हे थेट मोजता येत नाही, पण काढता येतं.

आलेख कागदावर आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर तापमान घ्या. उभा अक्ष शून्यापासून सुरू करू नका, २५ ते ३४ पुरे. नाहीतर सगळे बिंदू एका पट्ट्यात चिकटतात. पहिल्या चार बिंदूंतून सरळ रेघ काढा आणि ४ थ्या मिनिटापर्यंत पुढे न्या. नंतरच्या सहा बिंदूंमधून दुसरी रेघ काढा. ती सगळ्या बिंदूंवरून जाणार नाही. काही वर, काही खाली राहतील अशी काढा आणि ४ थ्या मिनिटापर्यंत मागे न्या. आमच्या नमुन्यात ती ३२.८ ला भेटते. ४ थ्या मिनिटावर दोन रेघांमधलं उभं अंतर हीच खरी वाढ : ३२.८ वजा २६.४, म्हणजे ६.४ अंश.

मागे न्यायची ही रेघ मिळते ती नंतरच्या कंटाळवाण्या सहा मिनिटांमुळे. ‘पारा उतरायला लागला, झालं’ म्हणून जो गट ६ व्या मिनिटाला वही मिटतो, त्याच्याकडे दोनच बिंदू असतात. आणि दोन बिंदूंतली रेघ कुठेही नेता येते.

हिशोब

द्रावण १०० ग्रॅम धरलं तर ४१८ ज्यूल दर अंशाला, कपाचे १७.४. एकूण ४३५.४. गुणिले ६.४ म्हणजे २७८७ ज्यूल. आम्ल ०.०५ मोल. भागिले ०.०५ केलं की ५५,७३० ज्यूल, म्हणजे मोलामागे ५५.७ किलोज्यूल. उष्णता बाहेर पडली म्हणून लिहिताना आधी उणे चिन्ह.

आता हेच आलेख न काढता आणि कप न धरता करून पाहा : ४१८ × ६.३ भागिले ०.०५ म्हणजे ५२.७. तीन किलोज्यूलचा फरक! तापमापी तोच, द्रावण तेच, फक्त दोन पायऱ्या गाळल्या.

द्रावण १०० ग्रॅम आणि विशिष्ट उष्मा (एक ग्रॅम एका अंशाने तापायला लागणारी उष्णता) पाण्याइतका धरणं हेही अंदाजच आहेत. मिठाच्या पाण्याची घनता थोडी जास्त, विशिष्ट उष्मा थोडा कमी. दोन्ही चुका एकमेकींना बऱ्याच भागून काढतात. म्हणून उत्तर ५५.७३ असं दोन दशांशांपर्यंत लिहू नका. आपल्या कपाची ती ऐपत नाही. ५६ लिहा, फार तर ५५.७.

उष्णता वेगळी, तापमान वेगळं

वेळ असेल तर आणखी दोन फेऱ्या कराच. एकदा दोन्ही द्रावणं निम्म्या तीव्रतेची घ्या, ५०-५० मिली. वाढ निम्मी येईल, ३.३ च्या आसपास. दुसऱ्यांदा मूळ तीव्रतेचीच पण २५-२५ मिली घ्या. बहुतेक मुलं म्हणतात, वाढ निम्मी होईल. होत नाही. उष्णता निम्मी झाली हे खरं, पण ती वाटून घेणारं पाणीही निम्मंच आहे. वाढ साडेसहाला किंचित कमी येते. किंचित कमी अशासाठी, की कप तेवढाच आहे आणि त्याचा वाटा आता मोठा झाला.

अमोनियाच्या द्रावणाबरोबर हायड्रोक्लोरिक आम्ल घेतलं तर मोलामागे ५२ च्या आसपास उष्णता मिळते, कारण अमोनिया हा सौम्य आम्लारी आहे. वाढीत अर्धा अंश कमी पडतो आणि तो आपल्या तापमापीवर दिसतो. ॲसिटिक आम्लाचा आकडा मात्र हायड्रोक्लोरिकच्या इतका जवळ आहे, की या कपात तो फरक पकडता येत नाही. ‘सौम्य आम्ल, म्हणून उष्णता कमी’ हे पुस्तकातलं वाक्य खरं करायला आकडे ओढूनताणून लिहिलेले मी पाहिलेत. दिसलं नाही तर दिसलं नाही असं लिहा, त्याला गुण कापणारा शिक्षक चुकतोय.

खायचा सोडा आणि लिंबूसत्व पाण्यात मिसळून हाच प्रयोग करणाऱ्यांना पारा उतरलेला दिसतो. प्रयोग बिघडलेला नाही. तिथे कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि एकूण क्रिया उष्माग्राही, म्हणजे उष्णता ओढून घेणारी, आहे.

ब्यूरेट (खाली तोटी असलेली मोजनळी) असेल तर आणखी एक सुंदर गोष्ट करता येते. कपात २५ मिली आम्लारी घ्या आणि ब्यूरेटने ५-५ मिली आम्ल सोडत ४५ पर्यंत जा, दर वेळी ढवळून तापमान लिहा. आधी चढत जाईल, मग उतरायला लागेल, कारण आम्लारी संपल्यावर पडतं ते नुसतं गार आम्ल. चढत्या आणि उतरत्या बिंदूंच्या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे उदासिनीकरण पूर्ण झालं. आपल्या ४.४ ग्रॅमच्या द्रावणाला हा छेद २७.५ मिलीजवळ यायला हवा. २६ ला आला तर समजा, गोळ्यांनी हवेतून बरंच काही ओढलं होतं. रंगाचा दर्शक न वापरता, नुसत्या तापमापीने तुम्ही आम्लारीची तीव्रता काढली.

उरलेलं द्रावण ओतून देण्याआधी हळदीच्या पट्टीवर एक थेंब टाका. लाल झाली तर आम्लारी शिल्लक आहे. आपण ती मुद्दाम जास्त घेतली होती, तेव्हा होणारच. थोडं थोडं आम्ल घालत पट्टी पिवळी राहीपर्यंत आणा, मग भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा. तापमापी, कप आणि मोजपात्रं लगेच धुवा.

आणि चुना?

चुना पाण्यात फार कमी विरघळतो, लीटरभर पाण्यात दीड ग्रॅमच्या थोडा वर. म्हणजे ५० मिली निवळीत हायड्रॉक्साइड आयन जेमतेम ०.००२ मोल. त्यातून १२० ज्यूलच्या आसपास उष्णता निघेल. ४३५ ने भागली की पाव अंशाच्या थोडी वर. तेही निम्मी निवळी आणि निम्मं आम्ल असताना. काहिलीतल्या शेकडो लीटर रसात निवळीचा वाटा त्याहून कितीतरी लहान असतो, आणि खालच्या जाळाला तो रस सत्तर अंश चढवायचा असतो.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिला मी चुन्याची गाळलेली निवळी आणि ०.०५ मोलर आम्ल दिलं, ०.१ अंशाच्या रेघांचा तापमापी दिला. तिने चार मिनिटं लिहिलं : २५.८, २५.८, २५.८, २५.८. मग ओतलं. ५ व्या मिनिटाला २६.१, ६ व्याला २६.१, ७ व्यालाही २६.१. शेजारच्या गटाने पहिली मिनिटं सोडून दिली होती. त्यांच्याकडे एकच २६.० होतं आणि नंतर २६.१, आणि काही झालं की नाही यावर त्यांचा वाद चालला होता. तिने वहीत ०.३ लिहिलं, खाली रेघ मारली आणि पुढच्या ओळीत लिहिलं : ‘तापतो.’